अण्णांनी पत्रे उतरवले

हवामानाच्या अंदाजाचं नाव काढू नका. आमच्या गावी, लोहाऱ्याला, आमच्या वडिलांचा, अण्णांचा, रेडिओवर लई विश्वास. दुष्काळाचं वर्ष होतं. एका दुपारी रेडिओवर सांगितलं, सोसाट्याचा वारा सुटेल, पाऊस न्हाय. मागच्या वादळात आमच्या घराचे पत्रे उडून शेजाऱ्याच्या रानात पडले होते, म्हणून अण्णा लगेच वर चढले.

आई म्हणाली, "अहो, काढू नका. वर दगड ठेवा."

"दगडानं वारा थांबतो व्हय?"

सगळे पत्रे खाली आले. संध्याकाळी झाडाचं पानसुद्धा हललं न्हाय, पण पाऊस असा कोसळला की चूल, अंथरुणं, ज्वारी, सगळं भिजलं.

अण्णा म्हणाले, "पाऊस आला, हे तरी बघ की."

त्या साली पावसाला शिव्या द्यायची कुणाची हिंमत नव्हती. आईनं मग त्या सगळ्या अण्णांना दिल्या.