वहिनींनी एन्झाइम मारलं

...नाही, पण मला एक सांगा, खून कुणाचा होतो? माणसाचा होतो, फार तर कोंबडीचा होतो, पण पावडरीचा? आलाय आजवर कुणावर पावडरीच्या खुनाचा आळ? माझ्यावर आलाय! भर कारखान्यात, मशीन चालू असताना, पोती उचलणाऱ्या माणसांच्या देखत, माझ्या सख्ख्या धाकट्या दिराने माझ्याकडे बोट दाखवून... बोट बरं का, हे असं... "वहिनी, तुम्ही मारलंत त्याला!" पोतीवाल्यांनी पोती खाली टाकली आणि मशीनच्या मागे वाकून बघायला लागले, कोण पडलंय म्हणून!

तुम्हाला सांगते, आमचा कोंबडीखाद्याचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, घरामागची पत्र्याची शेड, एक मिक्सर, एक वाफेचा बॉयलर आणि एक गोळ्या पाडायचं मशीन. मका, पेंड, कोंडा भरडायचा, त्याला सणसणीत वाफ द्यायची, गरम भरडा भोकाभोकांच्या जाड लोखंडी चकतीतून दाबायचा, की पलीकडून पडतात शेंगदाण्याएवढ्या टणक गोळ्या. मशीन मी चालवते. आमचे हे गिऱ्हाइकं सांभाळतात, म्हणजे गिऱ्हाइकांबरोबर चहा पितात. चाललं होतं की नाही सुरळीत? चाललं होतं! आणि तेवढ्यात भाऊजी शिकून आले. कशावर शिकून आले? शेवाळावर! जे मी जन्मभर मोरीतून ब्रशने खरवडून काढलं, त्यावर यांनी डिग्री घेतली!

आल्या आल्या परसात टाक्या मांडल्या, त्यात हिरवंगार पाणी, वर नळ्या, बुडबुडे... "वहिनी, हे साधं शेवाळ नाही, सूक्ष्म शेवाळ आहे. एकेक कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण आत प्रथिनं ठासून भरलीत!" म्हटलं, दिसत नाही तर माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर कसं काय दिसतंय? तर हसले. शिकलेली माणसं अशी हसली ना, की माझ्या डोक्यात जातं.

ते शेवाळ वाळवून भरड्यात घातलं, गोळ्या पाडल्या, आणि कुणाला दिल्या? पोल्ट्रीवाल्या मामांना! आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सासरे होते तेव्हापासूनचं. आठवडा झाला नाही तोच मामा दारात. "पोरी, हिरवं वरून घालतो, हिरवंच खालून येतंय. मग मधे कोंबडी कशाला ठेवू?" अंडी घटली होती हो त्यांची! आणि मामा चहा न घेता गेले. आमच्या घरचा चहा, मामांनी, न घेता! मी आपली कपाकडे बघत उभी. गेलं हे गिऱ्हाईक, म्हटलं, आणि याच्यामागून बाकीची जाणार.

भाऊजींना काही वाटलं? छे! "बरोबर आहे वहिनी, शेवाळाच्या प्रत्येक पेशीला भिंत असते, ती कोंबडीला फुटत नाही. ती फोडायला एन्झाइम लागतं." अहो, मग आधी नाही का आठवली भिंत? मामांच्या कोंबड्यांनी डोकं आपटून घेतल्यावर आठवली?

मग आलं ते एन्झाइम. पांढरी पावडर, चिमूटभर जीव, पण थाट बघा... थंड लागतं म्हणून फ्रिजमध्ये पावडर आत आणि माझं दूध बाहेर! दूध नासलं, ते मी बोलायचं नाही, कारण पावडर महाग! ती भरड्यात मिसळली. मी नेहमीसारखी सणसणीत वाफ दिली, गोळ्या अशा पडल्या म्हणता, एकसारख्या! मामांच्या हातापाया पडून एक पोतं पुन्हा त्यांच्याकडे दिलं, आणि त्यांच्या खुराड्यात पुन्हा हिरवं ते हिरवं. तेव्हा झाला कारखान्यात माझ्यावर तो खटला. "वाफ किती दिलीत?" "रोज देते तेवढी." "अहो वहिनी, एन्झाइमला एवढी उष्णता सोसत नाही, मेलं ना ते!" म्हटलं, मग तोंड होतं ना तुम्हाला, सांगायचं! तर म्हणतात कसे, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." मला? मला त्या पावडरीचं नाव धड घेता येत नव्हतं! आणि आमचे हे, एवढं सगळं झाल्यावर, सगळ्यात शांत आवाजात: "अगं, जाऊ दे ना, आता मेलं ते मेलं."

म्हणून पुढच्या खेपेला वाफच नाही. घ्या! गोळ्यांचा झाला भुगा, चकतीत भरडा अडकला, मशीन बसलं बोंबलत, आणि मी हातोडी आणि पक्कड घेऊन एकेक भोक मोकळं करतेय, तर हे येऊन म्हणतात, "भुगा म्हणूनच विकू या का?" तुम्हाला सांगते, हातात हातोडी होती माझ्या. देवाने वाचवलं त्यांना.

मग भाऊजी दोन दिवस टाक्यांपाशी पुस्तकं उघडून बसले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन, "वहिनी, चुकत होतं कुठे ते कळलं. शेवाळाच्या ओल्या लगद्यात आधीच एन्झाइम घालायचं, कोमट ठेवायचं, त्याला भिंती फोडू द्यायच्या. मग तुम्ही हवी तेवढी वाफ द्या. त्याचं काम झालेलं असेल." म्हणजे काम करून घेतल्यावर मारलं तर चालतं! आणि माझ्यावरचा तो खुनाचा आळ? तो मागे घेतलात का? त्याबद्दल चकार शब्द नाही!

बरं, कोमट जागा कुठे? शेडमध्ये गारठा. घरात हीटर एकच, सासूबाईंच्या खोलीत. गेलं लगद्याचं पिंप सासूबाईंच्या पलंगाशेजारी! हिरवा लगदा, वर झाकण, आतून गुडगुड, आणि वास... साचलेल्या डबक्यात मासा मेल्यासारखा. मी म्हटलं, आई, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा. तर त्या ओठांवर बोट ठेवून मला, "सूनबाई, हळू बोल. एन्झाइम काम करतंय." दार आपटू नका, एन्झाइम काम करतंय! हीटरला हात लावू नका, एन्झाइम काम करतंय! यांनी तर खोकायचं सोडलं! तुम्हाला सांगते, वीस वर्षं या घरात मी काम करतेय, माझ्यासाठी कधी कुणी हळू बोललं नाही हो!

आणि ढवळायचं कुणी? विचारूच नका.

शेवटी लगदा तयार झाला. इतका पातळ झाला की कोंडा वाढवावा लागला, पण मग मी वाफ दिली, मनसोक्त दिली, सगळा राग त्या वाफेत घालून दिली. गोळ्या पडल्या गर्द हिरव्या, टणक, बोटांनी चिरडेनात. मी स्वतः नेल्या मामांकडे. आणि रोज सकाळी, एक चांगल्या घरची बाई, कोंबड्यांच्या मागे उभी राहून काय बघत होते, ते सांगायची लाज वाटते. पण रंग बदलला! होता तसा झाला! अंडी वाढली, बलक केशरी दिसायला लागला, आणि मामा येऊन दोन कप चहा प्यायले. मी आत जाऊन रडले थोडी. कुणाला सांगू नका.

आणि परवा? परवा खाद्य बनवणाऱ्यांचा मेळावा, मोठं सभागृह, भाऊजी व्यासपीठावर, कोट घालून. आम्ही पहिल्या रांगेत. कुणीतरी विचारलं, "या सगळ्यात सर्वांत मोठी अडचण कोणती आली?" भाऊजींनी चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता घेणार माझं नाव. घेतलं की! म्हणाले, "पेशीची भिंत एक वेळ फुटते, आमच्या वहिनी नाही!"

सगळं सभागृह खो खो हसलं. शेजारी हेसुद्धा! अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता... आणि तरी सगळ्यांच्या आधी उभं राहून टाळ्या कुणी वाजवल्या? मीच! करणार काय? घरी नवा लगदा कोमट ठेवून आले होते, भाषण लांबलं असतं तर आंबला असता!