साडूच्या चकत्या

—नाही हो साहेब, फोडायची गरजच नाही! फोडून तर कुणीही सांगेल आत तडा आहे म्हणून. इथं कसं, चकतीवर हे जेल लावायचं, त्यावर हा प्रोब टेकवायचा आणि आवाज आत सोडायचा—आपल्याला ऐकू न येणारा, कुत्र्यालासुद्धा नाही. तो तळाला आपटून परत आला की पडद्यावर दोन सुळके. एक वरचा, एक तळाचा. मध्ये तिसरा उगवला की समजायचं, पोटात तडा. हा बघा... दिसला? ही दुसरी घ्या—हिलाही आहेच! सकाळपासून एक धड निघेल तर शपथ. चकती दिसायला चिनी मातीच्या बशीचा तुकडा, पण वीज दिली की थरथरते, दाबली की वीज देते. या प्रोबच्या पोटातही हिचीच बहीण बसलीय—तीच आवाज सोडते, तीच ऐकते.

दोष कुणाचा? मी कशाला कुणाचं नाव घेऊ? भट्टी कोण सांभाळतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्याला ठेवायचं की काढायचं तेही तुम्हीच आज ठरवणार. माझा सख्खा साडू—म्हणून तर बोलायला जीभ रेटत नाही. पण भट्टी घाईनं निववली की तडा जाणारच, तिथं नातं काय करणार? सासरी केवढं कौतुक त्याचं! ‘जावई असावा तर असा’—सासूबाई, माझ्यादेखत बरं का! काल बायकोचा इथं फोन, भावोजींबद्दल साहेबांशी दोन शब्द बरे बोला म्हणून. म्हटलं, मी कोण बोलणारा? यंत्र बोलेल! असं डोकं फिरलं की हातातला प्रोब खाली पडला—काही नाही झालं, पुसून ठेवला.

ती डबी? तिच्यात नमुन्याची चकती असते. बिनतड्याची, खात्रीची. रोज कामाआधी तिच्यावर प्रोब लावून बघायचा असतो, पण आज तुम्ही येणार म्हणून धांदल... राहू द्या हो. बरं, लावतो, तुमच्या समाधानासाठी. हे जेल. हा प्रोब. वरचा सुळका, तळाचा सुळका, आणि—तिसरा?

जेल कमी पडलं असेल. थांबा, पुसून पुन्हा लावतो.

उलटी करून बघू...

साहेब, जरा बाहेर बसता का? नाही, तब्येत ठीक आहे माझी. दार तेवढं ओढून घ्या. आणि कुणालाही आत पाठवा—साडूला तेवढं नको.