लुनावर गेलेलं मत

दि. १६/१०/२०००

नाव : उमादेवी मलप्पा बिरादार, वय ४५ वर्षे, धंदा : मुलींची खानावळ, रा. मौजे बोरलिंब (पुनर्वसित), ता. औसा, हल्ली मुक्काम लातूर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझी मुलगी शिवानी बारावीला आहे. तिच्या ट्यूशनसाठी लातुरात खोली केली, तिथेच खानावळ चालवते. मत मात्र गावातच आहे.

निजामोद्दीन शेख यास मी ओळखते. भूकंपात आमचे घर बसले तेव्हा त्याने हाताने दगड उपसून आधी शिवानीला, मग मला काढले. मालक गेले. माझा डावा पाय तेव्हापासून अधू आहे. त्या माणसाचे माझ्यावर लई उपकार आहेत, हे लिहून घ्यावे.

यंदा निजामोद्दीन ग्रामपंचायतीला उभा आहे. समोर आमच्या भावकीतला शंकरप्पा. मतासाठी मी गावी आले होते. शनिवारी शंकरप्पाने गल्लीतल्या बायांना महादेवाच्या देवळात नेऊन, मत त्यालाच देऊ असा बेल-भंडारा उचलायला लावला. सगळ्यांनी उचलला, भिडेपोटी मीही उचलला. शपथ मोडली तर पोरीवर येईल, हे मनात बसले.

काल रविवारी मतदान होते. मला शपथही मोडवेना आणि निजामभाईच्या विरुद्ध शिक्काही मारवेना. म्हणून दार लावून घरात बसले.

यादीत माझ्या नावावर खूण दिसेना म्हणून दुपारी चारच्या सुमारास निजामोद्दीन आला. म्हणाला, "अक्का, बरं न्हाई का?" मी खरे ते सांगितले व रडले. तो म्हणाला, "एवढंच व्हय? माझ्यापायी देवाची शपथ मोडू नका. शंकरप्पालाच मारा शिक्का. पण घरात बसू नका. आपण वाचलो ते काय घरात बसायला?"

मतदानाची शाळा जुन्या गावात, दीड किलोमीटरवर. त्याने मला लुनावर नेले व शाळेच्या बरेच अलीकडे उतरवले. वाटेत मत मागितले नाही, काही दिलेही नाही. शिवानीचे मार्क तेवढे विचारले.

उमेदवाराने मतदाराला स्वतःच्या गाडीवर आणणे गुन्हा आहे, अशी तक्रार शंकरप्पाने दिली आहे. मोजणी उद्या आहे. निजामभाईवर केस होऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. यापुढे मतासाठी मी बेल उचलणार नाही. देवळात जाईन ते शिवानीसाठी आणि निजामभाईच्या लेकराबाळांसाठी.

मत गुप्त असते, सांगायची गरज नाही, असे साहेबांनी मला बजावले. तरी माझ्या खुशीने सांगते. शंकरप्पाने ज्या मताची तक्रार दिली, ते मत त्यालाच पडले आहे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे, म्हणून सही करते.