काड्या रोवलेलं शेत

आजोबा: हळू बोल गं बाई! आत्ता कुठे बाळाचा डोळा लागलाय.

पाखरंवाली: बरं, हळू बोलते. पण आजोबा, तुमच्या शेतातल्या टिटव्या कुठे गेल्या?

आजोबा: माझ्या कुठल्या? तुझ्याच त्या. रोज दुर्बीण लावून तू मोजतेस. गेल्या असतील माहेरी!

पाखरंवाली: चेष्टा नको. विणीच्या दिवसांत टिटवी अंडी सोडून जात नाही. एरवी घरट्याच्या आसपास फिरकलं तरी डोक्यावर घिरट्या घालून जीव नकोसा करतात. आज अख्खं शेत तुडवत आले, एकही ओरडली नाही.

आजोबा: मग बरंच झालं की! पोरगं शांत झोपलंय. मुलगा आणि सूनबाई बाजारात गेलेत, बाळ माझ्यावर सोपवून. सूनबाई तीनदा दारातून मागे आली. "बाबा, जमेल ना?" म्हटलं, जा गं, मी पोरं वाढवलीयेत. कसली वाढवतोय! सगळं तिच्या सासूनं केलं.

पाखरंवाली: अंडी गार पडलीयेत. हात लावून बघितली मी.

आजोबा: अरेरे.

पाखरंवाली: आणि बांधाजवळ मादी मरून पडलीये. थोडं पुढे चंडोल. दोघांच्या चोचीत गुलाबी दाणे.

आजोबा: उंदरांसाठी टाकले असतील कुणीतरी.

पाखरंवाली: माझ्या काड्यांपाशीच? ट्रॅक्टर घरट्यांवर जाऊ नये म्हणून मी शेजारी काड्या रोवल्या. त्या प्रत्येक काडीपाशी दाणे आहेत, आजोबा.

आजोबा: ...तू काड्या रोवल्यास म्हणून शोधाशोध करावी लागली नाही, एवढंच.

पाखरंवाली: म्हणजे तुम्ही?

आजोबा: मग काय करू? रात्रभर त्यांचा ओरडा. त्या ओरडल्या की हा उठणार, हा उठला की सूनबाई रडणार. झोपेवाचून अर्धी झालीये ती. मला बघवेना.

पाखरंवाली: म्हणजे घरटी मीच दाखवली तुम्हाला.

आजोबा: तू कशाला मनाला लावून घेतेस? पाखरंच ती. येतील दुसरी.

पाखरंवाली: औषध कुठलं होतं?

आजोबा: शेडमधली जुनी बाटली. चिठ्ठी कधीच निघालीये तिच्यावरची.

पाखरंवाली: दाणे कशात भिजवलेत?

आजोबा: पातेल्यात. स्वयंपाकघरात माझ्या हाताला काय लागणार? पुढ्यात दिसलं ते घेतलं. डोळे मोठे करू नकोस, दोनदा विसळलंय मी.

पाखरंवाली: कुठलं पातेलं?

आजोबा: ते छोटं. दांड्याचं.

पाखरंवाली: शेगडीवर ठेवलंय ते? त्यात तर साय धरलीये.

आजोबा: हां, बाळाचं दूध गार झालं होतं ना, म्हटलं कोमट करावं. लबाडानं अख्खी बाटली संपवली! माझ्या हातून कधी थेंबही घेत नाही, आणि आज पिऊन लगेच गप्पगार... असं का बघतेस?

पाखरंवाली: आजोबा, बाळाला उठवा.

आजोबा: अगं, आत्ताच तर—

पाखरंवाली: उठवा म्हणते ना! आणि ती बाटली आणा शेडमधली, डॉक्टरांना दाखवायला लागेल. मी गाडी दारात घेते.

आजोबा: पण मी विसळलं होतं गं. दोनदा विसळलं.

पाखरंवाली: हाक मारा त्याला! मोठ्यानं!

आजोबा: ए ठोंब्या... ऊठ रे राजा. बघ, कोण आलंय. ए बाळा! पोरी, ह्याची मान बघ गं, नुसती लुळी पडतीये.

पाखरंवाली: श्वास चालू आहे. आणा इकडे. पळा!

आजोबा: रड ना रे. रोज रडतोस तसा रड. कुणी काही बोलणार नाही तुला.