वरवर

वाचा-उपचारांच्या दवाखान्यात माझ्यासमोरच्या बाकावर एक मावशी आणि एक तरुणी नंबराची वाट बघत होत्या.

“मावशी, पिशवीतून काय डोकावतंय?”

“लेट्यूस, सॅलडचा पाला. रोमेन म्हणून प्रकार असतो ना, त्याची बुटकी जात, कुंडीतसुद्धा छान गड्डा धरते. आतल्या डॉक्टरीणबाईंना द्यायचंय.”

“घरी लावलंत?”

“पहिल्यांदा फसलंच. अर्धांगाचा झटका आल्यापासून यांची वाचा गेलेली. बागेतले एवढे माहीतगार, पण खुर्चीत गप्प. म्हटलं, यांनी आणलेलं बी यांच्यासमोरच लावावं. बोटभर खोल पुरलं.”

“मग?”

“एक कोंब वर येईल तर शपथ! पुन्हा पुरायला बसले, तर मागून आवाज आला, ‘वरवर!’”

“म्हणजे?”

“या बियांना उजेड लागतो, नुसतं वरवर भुरभुरायचं. आणि पुढचा शब्द ऐक, ‘बावळट!’”

“अगंबाई! राग नाही आला?”

“राग कसला गं? झारी हातातून सुटली माझ्या. रडले, हसले, त्यांना म्हटलं, परत म्हणा!”

“आता तरी जमतं ना नीट पेरायला?”

“जमतं की. पण यांच्यासमोर अजून खोलच पुरते. काल अख्ख्या वाक्यात झापलं मला!”