यंत्राला धीर धरायला शिकवणाऱ्या वहिनी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आपल्या संचालकबाई, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या कानांच्या डॉक्टर, आजच्या सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी कॉलर आवळून अवघडून बसलेले त्यांचे यजमान, जुळणीपासून पॅकिंगपर्यंतच्या सगळ्या विभागांतले माझे सहकारी, आणि चहा कधी येणार म्हणून दाराकडे बघणारी मागच्या रांगेतली रसिक मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला इथं आरेखन विभागाच्या वतीने दोन शब्द बोलायला सांगितलंय. पण माझी थोडी पंचाईत आहे. सत्कारमूर्ती ऑफिसात माझ्या वरिष्ठ आणि घरी माझ्या सख्ख्या वहिनी. ऑफिसात मी त्यांना मॅडम म्हणतो. बाकी सगळा कारखाना त्यांना नुसतं ‘कान’ म्हणतो, कारण त्यांनी ऐकून पसंत केल्याशिवाय एकही हेडफोन बाहेर जायचा नाही. ‘नवे हेडफोन कानाकडे पाठवा’, ‘कानाने परत पाठवले’, अशी आपली भाषा. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, हे लोक स्वतःच्याच शरीराबद्दल बोलताहेत. तर आज माईक माझ्या हातात आहे, तेव्हा मी वहिनी असंच म्हणणार. घरी गेल्यावर जे बोलणं खायचं ते खाईन.

वहिनी मुदतीच्या आधीच निवृत्त का होताहेत, यावर गेले काही आठवडे कँटीनमध्ये बरंच संशोधन झालंय. कुणी म्हणतं संचालकबाईंशी बिनसलं, कुणी म्हणतं दुसऱ्या कंपनीने पळवलं. खरी गोष्ट सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून कालच घेतली आहे. पुढे आणखी थोडं बोलणार आहे, त्याची मात्र घेतलेली नाही.

गोष्ट सुरू होते ती टेक्नो संगीतापासून. बघा, शब्द उच्चारताच अध्यक्ष महोदयांच्या कपाळाला आठी पडली. आमच्या आईच्याही पडायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हेच जे अवघडून बसलेत ते, तरुणपणी डीजे होता. पाठच्या खोलीत त्याचं ते धडक् धडक् सुरू झालं की आई स्वयंपाकघरातून विचारायची, मशीनमध्ये कपडे टाकलेत का रे? खरं तर तिचा अंदाज फारसा चुकीचा नव्हता. हे संगीत जन्मलं तेच मोटारींचे कारखाने बंद पडत चाललेल्या एका शहरात, बाजारात न चाललेल्या जुन्या ड्रम मशीनवर. ते वाजवणाऱ्या पोरांच्या घरात कुणी ना कुणी कारखान्यात राबलेलं असायचं. यंत्राचा ठोका त्यांच्या कानात होताच, त्यांनी त्यावर नाच बसवला. दादा हे सगळं आईला समजावून सांगायचा. आई म्हणायची, बरं झालं, आता तो आवाज कमी कर.

पण गंमत बघा. आईच्या त्या धुण्याच्या मशीनमधून पुढे संगीताचे काय काय प्रकार निघाले! ट्रान्स आलं, मिनिमल आलं. ड्रम अँड बेस आणि डबस्टेपने त्यातलं उचललं आणि आपापल्या वाटेने गेले. आज जाहिरातीत, लग्नात, व्यायामशाळेत जो ठोका वाजतो, त्यात कुठेतरी हे रक्त आहे. आणि आपली भाकरी तरी वेगळ्या कशावर आहे? आपल्या कारखान्यात पूर्वी हेडफोन बनायचे ते गायकाचा गळा स्वच्छ ऐकू यावा म्हणून. पोटात जाणवणारा खालचा ठोका त्यातून येत नाही, म्हणून तक्रार करणारी पहिली गिऱ्हाइकं होती हे डीजे लोक. एक कान गर्दीकडे आणि एक कान पुढच्या गाण्याकडे ठेवता यावा म्हणून हेडफोनची ती फिरणारी वाटी त्यांनीच आपल्याकडून करून घेतली. अशीच तक्रार घेऊन दादा एकदा फाटकावर आला, आणि ती ऐकून घ्यायला श्रवणकक्षातून पाठवलं गेलं एका नवीन तंत्रज्ञ मुलीला. तिने त्याचे हेडफोन लावून बघितले आणि म्हणाली, हेडफोन ठीक आहेत, तुम्हीच आवाज फार मोठा ठेवता. अशी आमच्या घरात वहिनी आली.

ती म्हणाली ते दादाने ऐकायला हवं होतं. नाही ऐकलं. भल्यामोठ्या स्पीकरांच्या शेजारी उभं राहून त्याची पंधरा-वीस वर्षं गेली आणि कान हळूहळू गेले. आधी आमचं बोलणं त्याला अर्धंच कळायला लागलं, मग तो उगीच हसायला लागला, मग चारचौघांत यायचंच टाळायला लागला. वहिनीने त्याला आपल्याच कंपनीचं श्रवणयंत्र बसवलं. दुसऱ्या दिवशी त्याला दाराची घंटा ऐकू आली, आईची कुरकुर ऐकू आली. आमचा जीव भांड्यात पडला.

मग त्याने मोठ्या हौसेने एक तबकडी लावली. सुरुवातीला ठोका आला. दादाचा चेहरा उजळला. आणि थोड्याच वेळात ठोका विरत विरत नाहीसा झाला, उरली फक्त वरवरची खरखर. त्याने दुसरी तबकडी लावली, तिसरी लावली. तेच. त्याने प्लेअर बंद केला, वायरी गुंडाळल्या आणि तबकड्यांची खोकी माळ्यावर टाकली. माझ्या भावाला त्याआधी मी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही पाहिलं नाही, कारण तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

त्याची समजूत झाली की कानात आता संगीतापुरता जीव उरलेला नाही. वहिनीला ते पटेना. ती मला म्हणाली, कान मेले असते तर ठोका सुरुवातीलाही आला नसता.

तिने आमच्या अख्ख्या विभागाला श्रवणकक्षात बोलावलं. तिथल्या कृत्रिम कानाला यंत्र लावलं आणि दादाची तबकडी सुरू केली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, ठोका येतोय, येतोय, आणि गेला. मग तिने आम्हाला रांगेने पॅकिंग विभागात नेलं आणि खोक्यांवर पट्टी मारणाऱ्या त्या मशीनसमोर उभं केलं. आम्ही शाळेच्या सहलीतल्या मुलांसारखे उभे. मशीन आपलं चालूच, धडक् धडक्.

आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या श्रवणयंत्रातली करामत अशी आहे की कुठला आवाज गोंगाट आहे हे ते स्वतः ओळखतं आणि दाबून टाकतं. पण गोंगाट म्हणजे काय, हे त्याला कुणीतरी आधी शिकवावं लागतं. त्यासाठी आम्ही गोंगाट गोळा केला होता, तो जवळ पडतो म्हणून आपल्याच कारखान्यातला! त्या पट्टीच्या मशीनचा वेग आणि दादाच्या संगीताचा वेग जवळजवळ एक. वहिनी म्हणाली, “तुम्ही त्याला इथे शाळेत घातलंत. मग ते दुसरं काय शिकणार?”

चूक म्हणावी तर कुणा एकाची नव्हती. माणसाचं बोलणं, पियानो, बासरी, सगळ्यावर यंत्र तपासलं होतं. वरच्या मजल्यावर हेडफोन तपासायला आपण रोज टेक्नो लावतो, पण खालच्या मजल्यावर बनणारं श्रवणयंत्र लावून कुणाला तेच ऐकावंसं वाटेल, हे आपल्या मनातही आलं नाही. विक्री विभागाच्या साहेबांनी तर बैठकीत विचारलंच की, मॅडम, सत्तरीतलं कोण या धडधडीवर नाचणार आहे? ते आज हसताहेत, म्हणजे त्यांना उत्तर आठवतंय. वहिनी म्हणाली, जे तेव्हा विशीत नाचले ते आता साठीकडे निघालेत, आणि त्यांचे कान त्यांच्याआधी पोहोचलेत.

आमची अडचण वेगळी होती. ठोका दाबायचा नाही म्हटलं तर पंख्यांची आणि मिक्सरची घरघरही परत येणार. गोंगाटाला सरसकट दार उघडून कसं चालेल? यावर वहिनीने जे सांगितलं ते मी माझ्या टेबलासमोर लिहून लावलंय. ती म्हणाली, “मशीन कधीच बदलत नाही. हे संगीत बदलतं, पण सावकाश. तुमचं यंत्र निकाल द्यायची घाई करतंय. त्याला जरा थांबून ऐकायला शिकवा.” एवढंच. आम्ही यंत्राचा निकाल लांबणीवर टाकला. काही आवर्तनं ऐकायची, त्यात कुठे बारीकसा बदल होतोय का बघायचं, आणि मगच ठरवायचं. हे लिहायला सोपं, करायला आमच्या नाकी नऊ आले. विभागात त्या सोयीला आम्ही अजूनही ‘धीर’ म्हणतो.

आता ते दादावर तपासायचं होतं, आणि दादा यायला तयार नव्हता. एकदा झालं तेवढं पुरे, म्हणाला. वहिनीने त्याची मनधरणी केली नाही. ती म्हणाली, नवरा म्हणून नको येऊस, मला या संगीतातला जाणकार माणूस हवाय आणि दुसरा कुणी ओळखीचा नाही. जाणकार म्हटल्यावर स्वारी आली, पण तोंड फुगवून.

एका सुट्टीच्या सकाळी आम्ही तिघं श्रवणकक्षात बसलो. वहिनीने दादाच्या कानाला धीर घातलेलं यंत्र बसवलं आणि माळ्यावरून काढलेली तबकडी लावली. ठोका आला. दादा जमिनीकडे बघत होता. ठोका जिथं विरायचा ती जागा आली, आणि गेली. दादाच्या कानात ठोका टिकला की नाही, आम्हाला कळेना. मग दादाची टाच हलायला लागली, मग गुडघा, मग मान. तबकडी संपल्यावर दादा काय बोलला असेल? आभार? छे. म्हणाला, “हाय-हॅट घासल्यासारखा येतोय. तबकडी झिजलीय.” हाय-हॅट म्हणजे ठोक्याच्या वर ती झांजेसारखी बारीक चकचक असते ना, ती.

मी हसलो. वहिनीही हसली. आणि मग हसता हसता म्हणाली, “कुठला हाय-हॅट?”

आम्हाला वाटलं, थट्टा करतेय. तिने तबकडी परत लावली, आपले रोजचे हेडफोन चढवले, डोळे मिटले. दादा बोटाने तिला दाखवत होता, हा बघ, हा बघ. तिला तो ऐकू येत नव्हता. ती तबकडी तिला पाठ होती. इतकी वर्षं तो बारीक आवाज ती आठवणीतून ऐकत होती आणि तिला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

मंडळी, हे आम्हा तिघांपलीकडे कुणालाही कळलं नसतं. तिने दुसऱ्या दिवशी या समोर बसलेल्या डॉक्टरबाईंकडून स्वतःचे कान तपासून घेतले आणि संचालकबाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं की यापुढे माझ्या पसंतीवर एकही हेडफोन बाहेर जाऊ नये. नवऱ्याचं संगीत तिने परत आणलं त्याच सकाळी तिची खुर्ची गेली, आणि ती तिने आपल्या हाताने रिकामी केली. कँटीनचं संशोधन आता थांबायला हरकत नाही.

इथपर्यंतची परवानगी होती. आता पुढचं. वहिनी, रागावू नका.

घरी हल्ली रोज संध्याकाळी दादा तबकडी लावतो आणि वहिनी त्याच्या शेजारी बसते. स्वतः यंत्र लावायला मात्र तयार नाही. मला बोललेलं सगळं ऐकू येतं, म्हणते. आधी गरजूंचं होऊ दे, म्हणते. जिने जन्मभर कारखान्याचे कान तपासले तिच्या कानामागे ते दिसलं तर कसं वाटेल, हे म्हणत नाही, पण आम्हाला ऐकू येतं. आज सकाळी दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, “मी मान हलवली की ती हलवते. माझ्याकडे बघून हलवते रे. मला ते बघवत नाही.”

असो. अध्यक्ष महोदयांनी मला दिलेली वेळ मी केव्हाच ओलांडली, तरी त्यांनी घड्याळ दाखवलं नाही, त्यांचे आभार. संचालकबाईंचे आभार, त्यांनी वहिनीचा खरेपणा तितक्याच मानाने घेतला. डॉक्टरबाईंचे, आणि खरखर न करता माईक चालू ठेवणाऱ्या आपल्या वायरमनचेही आभार. घरचं बोलणं चव्हाट्यावर आणलं, कुठे जीभ घसरली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते सगळं धाकटा म्हणून मला माफ करा.

वहिनी, तुमच्यासमोर गुच्छाच्या मागे एक लहान डबी ठेवली आहे. आमच्या विभागाने ती तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीप्रमाणे तयार केलीय, आणि धीर त्यात भरपूर घातलाय. दादाला तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. त्याला माईकवर बोलायचं नाही, तो अगदी हळू बोलणार आहे. तेव्हा तुम्ही डबी उघडा, मी माईक बंद करतो.