दीनाबाईचा घोट

मंडळी, ऐका! मागच्या बायांनो, जरा पुढं सरका, मी काही चावत नाही, दात कधीच गेलेत. आज एकच प्रश्न — काळ बदलला, तर देवाचं वचन नव्यानं वाचावं का? वाचावं! मीच सांगते. पण कुणाच्या सोयीनं? गाडी अडते ती तिथं.

आमच्या शिरसवाडीच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच पितळी प्याला असे, सगळे त्यातूनच घोट घेत. एवढा मोठा, की रेडकू आत पडलं तर पोहायला शिकूनच बाहेर यावं! हसा, पण त्याच एका काठाला चार जातींचे ओठ लागले. गावानं आम्हांला वाळीत टाकलं, तरी प्याला फिरला.

मग नवे पाळक आले, भांबळसाहेब. म्हणाले, डॉक्टर सांगतात, जंतू पसरतात. आता ज्याची त्याची वेगळी पेली. अंगठ्याएवढी! म्हातारे कुरकुरले, प्रभूनं एकच प्याला दिला होता. पाळक म्हणाले, "प्रभू बाकावर बसून जेवला होता का? मग तुम्ही का बसता?" म्हाताऱ्यांनी पेल्या उचलल्या. मीही हसले. खरंच होतं ते.

त्याच साली दीनाबाई कुष्ठधामातून परतली. सहा वर्षांनी, बरी होऊन. हाताची बोटं तेवढी झडलेली. सोबत डॉक्टरचा कागद — रोग गेला, आता कुणाला लागत नाही. पाळकांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. तर लोक कुजबुजले, मोशेच्या नियमशास्त्रात काय लिहिलंय? असल्यांना छावणीबाहेर ठेवा!

बघा हं. डॉक्टर म्हणाला प्याल्यात जंतू आहेत — पटलं. तोच डॉक्टर म्हणाला दीनाबाईत नाहीत — तर मोशे आठवला!

रविवारी पेल्यांचा ट्रे तिच्यापाशी आला. जुना प्याला तिनं दोन तळव्यांत धरला असता. ही चिमुकली पेली धरायची कशानं? एकदा निसटली. दुसरी घेतली, तीही सांडली. पांढऱ्या पदरावर द्राक्षरसाचा लाल डाग. ती शेजारणीला हळूच म्हणाली, "बाई, जरा धरतेस का?"

शेजारीण गीतांच्या पुस्तकात बघत राहिली. ट्रे पुढं गेला.

पुढच्या रविवारी दीनाबाई बाहेर पायरीवर बसली. नंतर आलीच नाही. त्या थंडीत गेली. मातीला आम्ही सगळे होतो. काय गायलो, मंडळी! शेजारचं गाव जागं झालं असेल. तिला मात्र तो घोट मिळाला नाही तो नाहीच.

ती शेजारीण कोण, विचारा ना. मी. दहा बोटांची. आणि हातातलं ते पुस्तक उलटं होतं.

आज प्रभुभोजन आहे. टेबलावर पेल्या मांडल्यात, वेगवेगळ्या. राहू द्या, त्यांचा काही दोष नाही. पण माझेही हात आता कापतात. ट्रे माझ्यापाशी येईल, तेव्हा तुम्ही कुठं बघता, ते मी बघणार आहे.